गिऱ्हाइकाच्या खिशातलं

३ मार्च, सोमवार

भिंगरी,

बाबांचं काही झालेलं नाही. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण पाकिटावर माझं अक्षर बघून तुला तेच वाटलं असेल. इस्त्रीवाल्या काकांकडे तू पत्ता ठेवलास तो ‘फक्त बाबांचं काही झालं तरच’ असं बजावून, आणि त्या भल्या माणसाने पाच आठवडे तो ओठाबाहेर काढला नाही. शेवटी काल मी त्यांच्यासमोर रडले. त्यात थोडं नाटक होतं, सगळं नव्हतं. त्यांच्यावर रागावू नकोस.

फोन करून पाहिले. माझ्या फोनवरून लागत नाही, लाँड्रीच्या फोनवरून लागत नाही. शेजारच्या घड्याळवाल्याच्या फोनवरून लागला, तर माझा आवाज ऐकून तू कापलास. म्हणून पत्र. आशीर्वाद लिहिणार होते, पण माझ्या हातचा तुला चालेल की नाही कोण जाणे.

तर बाबा बरे आहेत. खरं सांगू, नको इतके बरे आहेत. झटका आल्यापासून नऊ वर्षांत जे गोळ्यांनी झालं नाही ते पाच आठवड्यांत झालं. काठी टेकत एकटे काउंटरपर्यंत येतात. परवा उजव्या हाताने पावतीपुस्तक पुढे सरकवलं. जीभही सुटली आहे. डॉक्टरांनी विचारलं, नवीन काय सुरू केलंत? मी म्हटलं, काही नाही.

सुरू केलं ते असं. तू गेलीस त्या सकाळी ते म्हणाले, पोरगी कुठाय? आता मी काय सांगणार होते? की तिने जुना ड्रॉवर आवरायला घेतला, त्यात तिला आठ वर्षांपूर्वीची तिच्यासाठीची चिठ्ठी सापडली, आणि ती माझ्या तोंडावर पाकीट टाकून निघून गेली? त्यांना दुसरा झटका आला असता. मी म्हटलं, “तिने लग्न केलं. गेली नवऱ्याकडे.” तोंडातून निघूनच गेलं. ते म्हणाले, “कुणाशी?” आणि मला एकच माणूस सुचला. ग्रंथालयातला. राखाडी कोटवाला.

बाबा रडले गं. मग हसले. म्हणाले, “मला माहीत होतं. भर उन्हाळ्यात लोकरीचा कोट धुवायला कोण आणतो?”

आता एवढंच कर. एक रविवार ये. एकटी आलीस तरी चालेल, नवरा कामात आहे म्हणू. ते रोज विचारतात.

त्या पाकिटाचं म्हणशील तर ते ड्रॉवरमध्ये कसं राहिलं, मला खरंच आठवत नाही. कामाच्या रगाड्यात राहून गेलं असेल.

आई

११ मार्च, मंगळवार

भिंगरी,

आठ दिवस झाले, तुझं उत्तर नाही. पालथ्या घड्यावर पाणी ओततेय हे कळतंय, तरी ओततेय.

इथे काय चाललंय ते ऐक. बाबांनी काउंटरवर स्वतःच्या हाताने पाटी लावली आहे, ‘मुलीचे लग्न झाल्याप्रीत्यर्थ महिनाभर टाय फुकट धुऊन मिळतील.’ अक्षर वेडंवाकडं, पण त्यांचं. या गावात इतके टाय होते हे मला माहीत नव्हतं. ज्यांचे आजोबा टाय घालायचे त्यांनी आजोबांचे टाय आणले. इस्त्रीवाले काका मान खाली घालून इस्त्री करतात आणि माझ्याकडे बघत नाहीत.

मावशीचाही फोन आला. बातमी तिच्यापर्यंत घड्याळवाल्याच्या बायकोने पोचवली. तुझी मावशी, जी दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या लग्नात चारचौघांत माझा हात हातात घेऊन विचारायची, “अजून तुझ्या पोरीचं काही जमलं नाही का गं?” आणि मी मान हलवायची, आणि सगळ्या बायका माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तशा बघायच्या. तिला मी म्हटलं, हो, जमलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. खोटं होतं तरी बरं वाटलं.

तुला ठाऊक आहे माझा रक्तदाब किती वर्षं वर आहे. डॉक्टर प्रत्येक वेळी तेच म्हणायचे, मुलीची काळजी सोडा, ती काही कुक्कुलं बाळ नाही. मी घरी येऊन तुला ऐकवायची, तुझ्यापायी माझ्या गोळ्या वाढल्या. तुझ्या तिसाव्या वाढदिवसाला ऐकवलं, पस्तिसाव्याला ऐकवलं. तू बाबांचे पाय चेपत राहायचीस.

हे लिहिताना माझा हात थांबतोय, कारण तू मनात काय म्हणत असशील ते मला कळतंय.

बरं. ते पाकीट चुकून राहिलं नव्हतं. मी ठेवलं होतं. पण चिठ्ठी मी वाचली नव्हती, एवढं तरी मान.

बाबा आता जावयाचा फोन नंबर मागतायत. पुढच्या रविवारी ये. मी पाया पडते.

आई

२४ मार्च, सोमवार

भिंगरी,

वाचली होती. दोनदा.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालंय. तू विचारत नाहीस, तरी मीच आपली सांगत सुटलेय. सांगते, कारण निम्मी गोष्ट तुला ठाऊक नाही, आणि ती निम्मी जास्त वाईट आहे.

तो बुधवार होता. तू बाबांना तपासणीला घेऊन गेली होतीस, काउंटरवर मी होते. तो आला, मला बघून घुटमळला. पण कोट काउंटरवर ठेवून झाला होता, तो परत कसा उचलणार? मी नेहमीसारखे खिसे रिकामे केले. बाहेरच्या खिशात शिसपेन्सिल. आतल्या खिशात घडी केलेला कागद, वर लिहिलेलं, ‘खिसे तपासणाऱ्या बाईंसाठी’. आता खिसे मी पण तपासतेच की, असं मी स्वतःला म्हटलं आणि उघडला. माझ्यासाठी नाही हे पहिल्या ओळीतच कळलं. पुढच्या ओळी मी तरीही वाचल्या.

चिठ्ठीत काय होतं ते तू वाचलंच आहेस. की त्याच्याकडे बरा असा एकच कोट आहे आणि तुझ्याशी चार शब्द बोलता यावेत म्हणून तो धुऊन धुऊन विरला आहे. की कोट परत घेताना खिशात एका ओळीचं उत्तर असेल, तर तो संध्याकाळी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर थांबेल. आणि खिसा रिकामा असेल तर तो समजून घेईल, तुला पुन्हा कधी अवघडायला लावणार नाही.

बाबांचा नियम तुला पाठ आहे. खिशातलं ते गिऱ्हाइकाचं. वाचायचं नाही, फेकायचं नाही, पाकिटात घालून वर पावतीचा नंबर टाकायचा आणि कपड्याबरोबर परत द्यायचं. चाळीस वर्षांत आपण कुणाचं बसचं तिकीटसुद्धा फेकलं नाही. मी वाचायचा नियम मोडला, परत द्यायचा मोडला. फेकायचा मोडवेना. चूल होती, केराची टोपली होती, आणि मी मूर्खासारखं पाकीट घेतलं, नंबर टाकला, ड्रॉवरच्या तळाशी सरकवलं. दुसऱ्या कुठल्याही बाईने ती चिठ्ठी जाळली असती आणि आज तू घरात असतीस.

आता तुला ठाऊक नसलेलं. शनिवारी तो कोट न्यायला आला. तू आत होतीस, पांढऱ्या शर्टावरचा शाईचा डाग काढत. तो डाग तितका तातडीचा नव्हता, मीच तुला आत पाठवलं होतं. मी कोट दिला, पेन्सिलचं पाकीट दिलं. त्याने तिथेच, माझ्यासमोर, आतल्या खिशात हात घातला. आणि काढेचना. अस्तराच्या शिवणीपर्यंत बोटं फिरवून पाहिली. मग बाहेरचे दोन्ही खिसे पाहिले. मी काउंटरवरची टाचणी उचलून डबीत टाकली, दुसरी उचलून टाकली. तो म्हणाला, “छान धुतलाय.” आणि गेला. आत तू नळ सोडला होतास, तुला काही ऐकू गेलं नाही.

त्या संध्याकाळी मी जेवले, झोपले, मला झोप लागली. हेही सांगून टाकते.

बाबांसाठी केलं गं. तेव्हा ते अंथरुणावर होते. एका बाजूने तू धरायचीस, दुसऱ्या बाजूने मी. तू गेली असतीस तर मी एकटी त्यांना उठवून बसवू शकले असते का, सांग.

एका ओळीचं तरी उत्तर दे. शिव्या दे.

आई

२ एप्रिल, बुधवार

भिंगरी,

बाबांना कळलं.

काल सकाळी मी आतमध्ये ब्लँकेटं मोजत होते. बाहेर येते तो खुर्ची रिकामी, काठी नाही. त्यांनी दाढी केली होती, निळा शर्ट घातला होता. कुठे गेले असतील माझ्या ध्यानात आलं आणि मी तशीच निघाले. दोन रस्ते ओलांडून गं! नऊ वर्षांत जो माणूस कोपऱ्यावरच्या न्हाव्यापर्यंत गेला नाही, तो जावयाला भेटायला ग्रंथालयापर्यंत चालत गेला.

मी पोचले तेव्हा ते ग्रंथालयाच्या बाकावर बसले होते. पुस्तकं देणारी एक मुलगी त्यांना पाणी देत होती. तिने त्यांना चांगुलपणाने सगळं सांगितलं होतं. ते सर सात वर्षांपूर्वी बदली घेऊन गेले, लग्नही झालं त्यांचं तिकडे, दोन मुलं आहेत, दर वर्षी फोटो पाठवतात. फोटो दाखवला सुद्धा.

बाबा मला म्हणाले, “ही कोणाबद्दल बोलतेय?”

घरी आणलं. वाटेत तीन वेळा थांबलो. मग सगळं सांगितलं. चिठ्ठी, पाकीट, रिकामा खिसा, तू का गेलीस, मी काय थाप मारली. शेवटी म्हटलं, तुमच्यासाठीच केलं हो, मी एकटी कशी निभावणार होते?

ते म्हणाले, “माझं नाव घेऊ नकोस यात.”

बास. तेव्हापासून माझ्याशी एक शब्द नाही. आज सकाळी मात्र काउंटरवर गेले. पाटी काढली. आणि टाय न्यायला जो येईल त्याला सांगत बसले, “माझ्या मुलीचं लग्न झालेलं नाही. मी चुकीचं सांगितलं होतं.” एकेकाला. मी म्हटलं, अहो, लोकांना कशाला सांगताय, हळूहळू विसरतील. त्यांनी ऐकलं नाही. एक बाई म्हणाली, असू द्या हो, होईल कधीतरी. ते म्हणाले, “नाही झालं तरी तिचं काही बिघडत नाही. बिघडलंय ते आमचं.” संध्याकाळपर्यंत त्यांची जीभ पुन्हा जड झाली होती.

मावशीचा फोन आला तो मी उचलला नाही.

आई

९ एप्रिल, बुधवार

भिंगरी,

आता लिहिते ते तू काकांना घातलेल्या अटीत बसतं. बाबांचं झालंय.

चार दिवस उठले नाहीत. उजवा हात पुन्हा मांडीवर नुसता पडून असतो. जेवण तोंडाशी नेलं की दात मिटतात. लहान मूल हट्टाने मिटतं तसं नाही, त्यांना उघडायचं सुचतच नाही. काल अंथरूण दोनदा बदललं. दुसऱ्या वेळी मला ते पेलले नाहीत, आम्ही दोघं तसेच पलंगाच्या कडेला बसून राहिलो, ओल्या चादरीवर, काका येईपर्यंत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते माझ्याकडे बघत नव्हते.

डॉक्टर म्हणतात, रक्त ठीक, हृदय ठीक, मनाने घेतलंय. मनाला गोळी देत नाहीत. माझाही रक्तदाब मोजला आणि यंत्र बिघडलंय का म्हणून पुन्हा मोजला.

तुझ्या लग्नाची बातमी ऐकून उठलेला माणूस लग्न झालं नाही हे ऐकून झोपला. आम्ही दोघांनी आमचा जीव कुठे टांगून ठेवला होता बघ. आणि तुला त्याचा भार, तू काही न करता.

मला काही मागायचा हक्क नाही. मला माहीत आहे, माहीत आहे, माहीत आहे. तरी मागते. ये. लग्नाचं नाटक नको, काही नको, जशी आहेस तशी ये. मला माफ करू नकोस, माझ्याशी बोलू नकोस, मी आतल्या खोलीत राहीन. तू भरवलंस तर ते खातील. मी सत्तरीला आले. माझ्याने होत नाही गं. दुकान दोन दिवस बंद आहे, लोकांचे कपडे आत लटकलेत. ये.

आई

१७ एप्रिल, गुरुवार

भिंगरी,

तुझं पत्र काल आलं. काकांनी आणून दिलं, मी ते नुसतं उलटसुलट करत राहिले, तेव्हा तेच म्हणाले, “वहिनी, मी फोडू का?” म्हटलं, नको, मीच फोडते, माझं आहे.

तू लिहिलंस, येते. महिनाअखेरीस राजीनामा देते आणि कायमची येते. पहिल्या चार ओळींतच. मी ते पत्र छातीशी धरून मटकन बसले. मग उठून तुझी खोली झाडली, गादीला ऊन दाखवलं, खिडकीचे पडदे धुवायला काढले. मावशीला मी स्वतः फोन केला. म्हटलं, लग्न वगैरे काही नाही, पण पोरगी परत येतेय, आता इथेच राहणार. ती चुकचुकली. मला काही वाटलं नाही. काल मी पोटभर जेवले आणि मला झोप लागली.

सकाळी जाग आली ती त्याच झोपेच्या आठवणीने. तशीच लागली होती गं, अगदी तशीच, त्या शनिवारी.

मग बाबांपाशी बसून तुझं पत्र पुन्हा वाचलं, मोठ्याने. काल मी ‘येते’च्या पुढे गेलेच नव्हते. खाली लिहिलंयस, इस्पितळाच्या धुलाईखान्यात तुझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत. दिवसाला सहाशे चादरी. खोलीला पूर्वेची खिडकी आहे. आणि रविवारी सकाळी तू पोहायला जातेस, आता खोल पाण्यातही जातेस.

बाबांनी डोळे उघडले. म्हणाले, “काय करते?”

मी म्हटलं, “पोहते.”

“पुन्हा वाच.”

पुन्हा वाचलं. अर्ध्या तोंडाने हसले. नंतर दोन चमचे भात खाल्ला, माझ्या हातून. त्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “एकोणचाळिसाव्या वर्षी!” तुझं लग्न झालं असं मी म्हटलं होतं तेव्हासुद्धा त्यांचा चेहरा असा नव्हता. तेव्हा सुटका झाल्यासारखा होता. आज गंमत वाटल्यासारखा होता.

मला वाटलं होतं, तू तिकडे रडत असशील. खरंच वाटलं होतं. एकटी बाई, अर्धं वय गेलेलं, रागाने घर सोडलेलं, दुसरं काय करणार? माझ्या पोरीला पाण्याची भीती वाटते एवढंच मला ठाऊक होतं. ती भीती तुला मीच घातली होती.

म्हणून आता नीट ऐक, मी एकदाच लिहू शकेन. राजीनामा देऊ नकोस. राहायला येऊ नकोस.

बाबांना भेटायला ये, चार दिवस ये, परतीचं तिकीट काढून ये. दुकान मी दुपारनंतर बंद ठेवणार आहे. काकांची बायको सकाळ-संध्याकाळ हाताशी यायला तयार आहे. बाबा उठतील की नाही मला माहीत नाही. कदाचित नाही उठायचे. त्याचं मी बघेन. ते माझे आहेत, ते तुझं काम नव्हतं.

एक राहिलं. बाबांसाठी केलं असं मी तुला लिहिलं होतं, त्यांनाही तेच सांगितलं. खोटं होतं. त्यांना उचलायला माणूस ठेवता आला असता, इस्त्रीवाले काका तर तेव्हाही होते. मला भीती वाटली होती, संध्याकाळी शटर ओढून आत आल्यावर “आज काय झालं माहितेय का” असं म्हणायला कुणी नसेल याची. बाबा बोलत नव्हते. तूच होतीस. मला तू हवी होतीस, आणि लोकांसमोर तुझ्या लग्नाची चिंता करणारी आई म्हणून मिरवायचंही होतं. दोन्ही मिळालं मला, आठ वर्षं.

आत्ताही हवी आहेस. पडदे बाहेर दोरीवर वाळतायत. हे पत्र लिहिण्याआधी मी दुसरं एक लिहिलं होतं, त्यात फक्त ‘कधी पोचतेस ते कळव’ एवढंच होतं. ते अजून टेबलावर आहे.

तेव्हा हे पाकीट आत्ता चिकटवते आणि स्वतः जाऊन पेटीत टाकते. काकांच्या हाती दिलं तर मी त्यांना कोपऱ्यावरून परत बोलवीन.

आई